चिपवरची टिकली

एकाच वेळी दोन सायकली घेऊन बाजारातून जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. एक सायकल नवी, तिच्यावर तो बसलेला. दुसरी जुनी, तिचं हँडल डाव्या हातात धरून तिला बैलासारखी बाजूनं चालवत नेणारा. सिरोंच्याचा बाजार दोन्ही बाजूंना फाकला होता, मिरच्यांचे ढीग सावरायला बाया उठल्या होत्या आणि एका म्हातारीनं तर चक्क हात जोडले होते. हे एक दिवस नाही, महिनाभर चाललं. खरं सांगायचं तर चार दिवस. पण महिनाभर म्हटल्याशिवाय त्या माणसाची उंची कळत नाही.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. प्राणहितेच्या काठावर आमच्या खात्याचं पाणी मोजायचं ठाणं होतं. नव्वदीची शेवटची वर्षं होती. भाऊ तिथले मेकॅनिक, मी वायरलेसवाला. दोन खोल्या, एक सोलरची पाटी, एक मशीन, आणि काठाला लागून सिमेंटची उभी विहीर. नदीचं पाणी त्या विहिरीत खालून शिरायचं. त्यावर एक डबा तरंगायचा, पाणी चढलं की डबा चढायचा आणि मशीन त्याचा आकडा करून दर तासाला तालुक्याला पाठवायचं. तिथं आकडा लाल रेषेवर गेला की खालच्या पोलीस चौकीला निरोप जायचा, आणि चौकीतला शिपाई ढिवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, वस्तीत जाऊन सांगायचा, की चला, वर चला.

ती वस्ती आमच्यापासून सात-आठ मैल खाली. तीसएक झोपड्या, लाकूड कोरून केलेल्या होड्या म्हणजे डोंगे अठरा. तिचा म्हातारा मुखिया मल्लय्या दर बाजाराला वर यायचा तेव्हा ठाण्याच्या पायरीवर टेकायचा आणि एकच प्रश्न विचारायचा.

"सायेब, नदी काय म्हणून राहिली?"

भाऊ काही सांगायच्या आधी स्वतः उठून पाण्यात रोवलेल्या मोजखांबापर्यंत जायचे, डोळे बारीक करून बघायचे, परत यायचे आणि मग आकडा सांगायचे. मशीन दोन हातांवर होतं, त्यावर तोच आकडा हिरवा लुकलुकत असायचा. मी एकदा म्हणालो, "भाऊ, मशीन दाखवून राह्यलं ना, काऊन पाय झिजवता?"

"मशीन मले विचारून दाखवते का? हा माणूस मले विचारून राह्यला."

तर सायकली. नवी दगा देणार नाही अशी खात्री पटेपर्यंत जुनी सोबत ठेवायची, असा त्यांचा कायदा होता. नवा चष्मा नाकावर आणि जुना दोरीनं गळ्यात. नवी चप्पल पायात आणि जुनी पिशवीत. बसमध्ये चढायच्या आधी ते कंडक्टरला परतीच्या गाडीची वेळ विचारत, आणि ती कळेपर्यंत एक पाय जमिनीवर ठेवत. अहेरीच्या गाडीवरचा एक कंडक्टर त्यांना लांबून पाहूनच ओरडायचा, "भाऊ, चार वाजताची हाय, चढा आता, लोकं उन्हात उभे हायेत!"

घरी गॅस आला तेव्हा त्यांनी चुलीला हात लावू दिला नाही. वहिनी लाकडं आत आणून आणून थकल्या होत्या. त्या माझ्यासमोरच कडाडल्या, "माया जागी नवीन बाई आणान तं मले कोणत्या डब्यात ठेवान?"

भाऊंनी गंभीर विचार केला. "तुया जागी नवीन आणाची म्हणजे आधी तुले काढा लागते. काढाची हिंमत कोणाची हाय?"

वहिनींनी उलथनं खाली ठेवलं. पण चूलही राहिली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. "नवीन काय करते ते दुकानदार सांगते. नाई चाललं तं परत कसं याचं, ते कोणी सांगत नाई. ते आपल्यालेच पाहा लागते."

आणि नियम! त्यांच्या नियमांची यादी लिहिली असती तर ती आमच्या ठाण्यापासून गडचिरोलीपर्यंत अंथरता आली असती. सुपारी-तंबाखूचा खर्रा खाऊन मशीनकडे तोंड करून बोलायचं नाही. विहिरीजवळ शिट्टी मारायची नाही. मशीनच्या खोलीत चप्पल नको, उदबत्ती नको, मोसंबी सोलायची नाही. उत्तरेकडच्या स्टुलावर बसायचं नाही. कारण विचारलं की ते माझ्याकडे असे बघत, जणू मी त्यांच्या वडिलांचं वय विचारलं. मी सगळे नियम ऐकायचो, मान हलवायचो आणि ते विहिरीकडे गेले की उत्तरेकडच्या स्टुलावर बसून मोसंबी खायचो. शपथ घेऊन सांगतो, कधी काही झालं नाही.

आता मशीनबद्दल. मशीनच्या पोटात एक चिप होती. बोटाच्या दोन पेरांएवढी, काळी, दोन्ही बाजूंनी पाय असलेली, उताण्या झुरळासारखी. डब्याची हालचाल कशी वाचायची, कोणता आकडा खरा धरायचा, हे सगळं त्या चिपमध्ये लिहिलेलं. कागदावर त्याला फर्मवेअर म्हणत, आम्ही प्रोग्राम म्हणायचो. प्रोग्राम बदलायचा म्हणजे जुनी चिप उपटायची आणि नवी बसवायची. चिपच्या कपाळावर एक चंदेरी कागदाची टिकली चिकटवलेली असायची.

जुन्या प्रोग्रामला एक खोड होती. तो घाबरट होता. पुराच्या पाण्यातून एखादं लाकूड वाहत येऊन विहिरीच्या भिंतीवर आदळलं की आतला डबा उसळायचा आणि प्रोग्राम तीच उसळी खरी धरून तालुक्याला कळवायचा. एकाच पावसाळ्यात दोनदा असं झालं. दोन्ही वेळा निरोप गेला, वस्ती टेकडीवर चढली, आणि नदी आपली जागच्या जागी. दुसऱ्या वेळी मल्लय्याची सून टेकडीवरच्या मोहाच्या झाडाखाली, भर पावसात बाळंत झाली. पोर जगलं. पण त्यानंतर मल्लय्या बाजाराला आला तेव्हा पायरीवर टेकला नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "सायेब, पुढल्या बारीला तुमचं मशीन म्हणंल ते मी ऐकू की नाही, तेवढं सांगा."

भाऊ उठले. खांबापर्यंत गेले, परत आले, आणि नुसते उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात नागपूरहून साहेब आले. तरुण, हुशार, घामानं भिजलेले. त्यांच्याजवळ नवी चिप होती आणि हुकूम होता. जुनी चिप परत करायची; आणि यापुढे डोळ्यानं पाहिलेला आकडा मशीनशी जुळला तरच धरायचा.

"यात नवीन काय हाय?" भाऊंनी विचारलं.

"हा प्रोग्राम शहाणा आहे," साहेब म्हणाले. "आकड्यानं एकदम उडी मारली, की तो आकडा टाकून देतो आणि मागचाच धरून ठेवतो. लाकडं आदळोत, लाटा येवोत, फसणार नाही."

"आन् नदीनंच उडी मारली तं?"

साहेब हसले, वाईट हसले नाहीत. "नदी तासाला एवढी चढत नाही हो. आमच्याकडे इतक्या वर्षांचे आकडे आहेत."

"तुमच्या आकड्यायले माहीत हाय. नदीले माहीत हाय का?"

साहेबांनी चिप बसवली. मशीन चाललं, आकडा आला, खांबाशी जुळला. भाऊंनी जुनी चिप पाकिटात घालून त्यांच्या हातात दिली, वहीत सही केली, त्यांना चहा पाजला आणि जीप धुळीत दिसेनाशी होईपर्यंत पायरीवर उभे राहिले. मग आत आले, ट्रंक उघडली, तिच्यातून सुपारीचा डबा काढला आणि डब्यातून एक चिप. जुन्याच प्रोग्रामची, दुसरी प्रत. ती होती हे मलाही माहीत नव्हतं.

"हे तुया घरी ठेव."

"माया घरी काऊन?"

"उद्या मायी झडती होईन. तुयी कोणी घेणार नाई. तुयावर कोणाचा भरवसाच नाई."

मला हा अपमान वाटायला हवा होता. पण ते इतक्या मायेनं म्हणाले, की मी डबा शर्टात घातला.

"ओलीत ठेवू नको. पायाले हात लावू नको. उदबत्तीपासून दूर ठेव. आन् टिकली काढू नको."

मी मान हलवली. नियम एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. सिरोंच्याकडे तर ती फार मनावर घेतात. ढिवर जाळी धुतात, सुतार रंधा धुतो, आणि मी असाही माणूस पाहिला आहे ज्यानं त्या दिवशी म्हशीची शिंगं तेलानं घासून त्यात स्वतःचं तोंड पाहून दाढी केली. आमच्या क्वार्टरमध्ये मी पाट मांडला. त्यावर बॅटरी, पकड, सायकलचा पंप. आणि मग मला डबा आठवला. माझ्या घरातलं सगळ्यात मोठं हत्यार तर त्या डब्यात होतं.

चिप काढली तर तिची टिकली पिवळी पडून चिकट झालेली, कडेला सुपारीचा भुगा. देवासमोर असं मळकं कसं ठेवायचं? मी रॉकेलचा बोळा फिरवला, नखानं टिकली खरवडून काढली. खाली काचेची एवढीशी खिडकी निघाली, आणि खिडकीच्या आत सोन्याच्या कणासारखं काहीतरी लखलखलं. मी बायकोला हाक मारून दाखवलं. शेजाऱ्याला दाखवलं. कडेकडेनं हळदकुंकू लावलं, काच झाकू दिली नाही. आणि पूजा झाल्यावर ती डब्यात परत टाकायला मन होईना. पूर्वेच्या खिडकीत ठेवली. त्या खिडकीला काच नव्हती, नुसते गज. रोज सकाळी ऊन तिच्यावर पडलं की तो कण पेटायचा. आल्यागेल्याला मी सांगायचो, यात सगळी प्राणहिता भरून ठेवली आहे, पन्नास वर्षांचं पाणी. लोक हात जोडायचे. मीही त्यांच्यासोबत जोडायचो. सगळा हिवाळा, सगळा उन्हाळा ती तिथं होती. आणि आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे कावळासुद्धा पाय बदलत उभा राहतो. जूनमध्ये पावसाचे शिंतोडे यायला लागले तेव्हा मी ती पुसली आणि डब्यात ठेवली. ओलीत ठेवायची नव्हती ना.

त्या ऑगस्टात तीन दिवस वर कुठंतरी पाऊस कोसळत होता. आमच्याकडे नुसती भुरभुर. सकाळी नऊला मी आकडा बघितला. रोजच्यापेक्षा थोडा वर, काळजीचं काही नाही. मी चहा ठेवला. तेवढ्यात भाऊ खांबाकडून आले, पायात चप्पल नाही, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

"मशीनवर काय हाय?"

मी सांगितलं.

"खोटं हाय. पाणी माया डोळ्यासमोर हातभर चढलं."

आम्ही दोघं धावलो. माझी अतिशयोक्तीची सवय सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे, म्हणून इथं जेवढं पाहिलं तेवढंच लिहितो. खांबावरचा एक आकडा पाण्यात गेला. आम्ही उभे होतो तिथपर्यंत पाणी आलं, आम्ही मागे सरलो, तिथंही आलं. नदीचा आवाज नव्हता. ती फक्त रुंद होत होती. परत खोलीत आलो तर मशीनवर नऊचाच आकडा. हिरवा, शांत. प्रोग्रामला उडी दिसत होती आणि तो ती टाकून देत होता. नदी एवढी चढूच शकत नाही, असं त्याला शिकवलेलं होतं.

मी तालुक्याला लावलं. तिकडचा माणूस माझ्या ओळखीचा.

"अरे, पाणी चढून राह्यलं! वस्तीले निरोप दे!"

"इथी तं नऊचाच आकडा दिसते."

"मशीन चुकून राह्यलं. मी डोळ्यानं पाह्यलं."

"तू?" तो हसला. "मागच्या खेपेला तूच सांगतलं होतं ना, नदीतून हत्ती वाहून गेला म्हणून? मशीनचा आकडा दे बापा, मले साहेबाले कागद दाखवा लागते."

भाऊंनी माईक माझ्या हातातून घेतला, स्वतः सांगितलं. त्यांच्यावर तो हसला नाही. पण म्हणाला, "भाऊ, तुमचं खरं असंन. पण हुकूम तुमालेबी माहीत हाय. मशीनशी जुळला पाह्यजे."

भाऊंनी माईक ठेवला आणि माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. हेच तर त्यांनी जन्मभर जपलं होतं. नवं चुकलं की परत यायची वाट.

"जा. डबा आण."

मी अर्धा मैल धावत गेलो, अर्धा मैल धावत आलो. भाऊंनी तोवर मशीन बंद करून नवी चिप उपटून ठेवली होती. त्यांनी डब्यातली चिप घेतली, न बघताच तिचे पाय अंगठ्यानं चाचपले, बसवली, बटण दाबलं. पडद्यावर आडव्या रेघा. बंद केलं, काढली, पाय खोडरबरानं घासले, परत बसवली. रेघा. वायर बघितली, बॅटरी बघितली, तिसऱ्यांदा बसवली. रेघा. आकडा नाही, अर्धासुद्धा नाही.

मग त्यांनी चिप काढून दाराच्या उजेडात धरली. काचेची ती खिडकी चमकली.

"टिकली कुठी?"

"पडली असंन," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चिप खिशात टाकली. टेबलावर नवी चिप होती, तीही परत बसवली नाही. घड्याळ बघितलं आणि माईक उचलला.

"तालुका, ऐका. मशीन बंद हाय. मीच बंद केलं. लिहून घ्या, मायं नाव लिहा. आता तुमच्याकडे जुळवाले काईच नाई. आता जो आकडा येईन तो माया डोळ्याचा."

आणि ते खांबाकडे गेले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून ते आकडा ओरडत, मी तो खोलीतून पुढं सांगत होतो. तिकडे दुसरा आवाज आला, मोठ्या साहेबांचा. "मशीन खरंच बंद आहे का?" मी हो म्हणालो.  मग, "ठीक आहे. निरोप द्या."

वस्ती वाचली. म्हणजे माणसं वाचली. चौकीतला शिपाई धावत पोचला तेव्हा पाणी खालच्या झोपड्यांच्या उंबऱ्याला लागलं होतं. लेकरं, म्हातारे, बकऱ्या, सगळे टेकडीवर चढले. डोंगे ओढून वर आणायला वेळ राहिला नाही. अठराच्या अठरा गेले. वाळत टाकलेली जाळी गेली. एका सकाळी त्या वस्तीजवळ नदी तेवढी उरली, आणि नदीत उतरायला काही उरलं नाही. अहवालात मात्र 'जीवितहानी निरंक' असं लिहून आलं.

चौकशीला तेच तरुण साहेब आले. ते फार बदलले होते. प्रश्न विचारताना त्यांचा आवाज बसत होता. नव्या प्रोग्रामची चूक त्यांनी स्वतः पहिल्या पानावर लिहिली. पण दुसरं पान भाऊंचं होतं, त्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलेल्या चिपचं. जुनी चिप परत करायचा हुकूम असताना ही कुठून आली?

"मायाजवळ होती."

"तिच्यावरचा कागद कोणी काढला? त्या काचेतून ऊन आत गेलं की प्रोग्राम पुसला जातो, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं. मीच काढला."

मी दाराशी उभा होतो. उन्हानं पुसला जातो, हे मला त्या क्षणी कळलं. आयुष्यात मी न पाहिलेल्या वाघांवर, न केलेल्या लग्नांवर तासन्‌तास बोललो आहे. तिथं माझ्या तोंडून 'मी' एवढं एक अक्षर निघालं नाही. भाऊंनी सही केली. महिन्याभरात त्यांची बदली गडचिरोलीच्या भांडारात झाली, जिथं दोरखंड, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या होत्या. कोणतंही यंत्र त्यांच्या हाती द्यायचं नाही, असा शेरा होता. जाताना त्यांनी मला ठाण्याच्या किल्ल्या दिल्या आणि नियम एकही सांगितला नाही.

ते निवृत्त झाले त्यालाही दोन-तीन वर्षं झाली, तेव्हा मी चामोर्शीकडच्या त्यांच्या गावी गेलो. ते ओसरीवर धान पाखडत होते. वहिनींनी पाणी दिलं. इकडच्या तिकडच्या गोष्टी करायला मी तोंड उघडलं आणि भलतंच बोललो.

"भाऊ, टिकली मी काढली होती."

"माहीत हाय."

"कवापासून?"

"त्याच दिवशी. तू खोटं बोलतं तवा पंधरा मिनिटं बोलतं, हातवारे करतं. त्या दिवशी दोन शब्द बोलला."

सूप त्यांच्या हातात चालूच होतं.

"मंग तुमी काऊन अंगावर घेतलं?"

"तुयावर उपकार म्हणून नाई." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी तुले शंभर गोष्टी सांगतल्या. शिट्टी मारू नको, स्टुलावर बसू नको. त्याले काई अर्थ होता का? मले शिट्टी आवडत नाई, बस. त्यातच टिकलीचं सांगतलं. उन्हानं आतलं पुसून जाते, एवढं एक वाक्य बोलाले मायं काय जात होतं? मले वाटे, कारण सांगतलं की मान कमी होते. तुले काय माहीत, कोणतं खरं आन् कोणतं माया डोक्यातलं? मीच नाई सांगतलं, तं काढली मीच."

मला रडू येत होतं. मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मले काऊन सांगून राह्यला? माया डोंगा गेला का? ज्यायचे गेले त्यायले सांग. मी येतो संग."

आम्ही गेलो. वस्ती आता टेकडीवर आहे. मल्लय्या एका मांडवाखाली बसून जाळं विणत होता. केस पूर्ण पांढरे, बोटं तीच. मला बघून बायापोरं जमली. त्यांना वाटलं, गोष्ट ऐकायला मिळणार. मी उभ्यानंच सांगितलं. चिप, टिकली, दसरा, खिडकीतलं ऊन, त्या सकाळी पडद्यावर आलेल्या रेघा. एकही शब्द जास्तीचा घातला नाही.

एक बाई पदर तोंडाला लावून हसली. "या सायेबाचं नेहमीचंच! मागं म्हणे मगरीनं यायची छत्री नेली होती. आन् आता म्हणे नखाएवढा कागद काढला म्हणून आमचे अठरा डोंगे बुडाले!"

सगळे हसले. पोरं तर लोळायला लागली. मल्लय्याही हसला. मी सांगत राहिलो, "खरंच सांगून राह्यलो, देवाशपथ," आणि ते अजूनच हसले.

"खरं हाय," भाऊ म्हणाले.

हसणं थांबलं. मल्लय्याची बोटं थांबली. त्यानं भाऊंकडे बघितलं, मग बराच वेळ माझ्याकडे.

"किती वेळ गेला त्याच्यात? तुम्ही तिकडं ते घालून काढून बघत होता, त्याच्यात?"

"चाळीस मिनिटं."

तो खाली नदीकडे बघत राहिला. तिथून काठापर्यंतचा उतार स्पष्ट दिसत होता. त्याचे ओठ हलत होते. तो मोजत होता.

"चाळीस मिनिटात माझा डोंगा वर आला असता," तो म्हणाला. "भावाचा आला असता. राजय्याचा, पोचमचा... सहा-सात आले असते. सगळे नाही."

आणि त्यानं विणायला घेतलं. भाऊ त्याच्या बाजूला जमिनीवर बसले. मला कोणी बस म्हटलं नाही. भाऊंनीही म्हटलं नाही. मी उभा राहिलो.